झिरो वायरमन आणि माझं बुडालेलं वर्ष

“निरीक्षक विचारतील, सुदामला ओळखता का. तुम्ही म्हणायचं, नाही. संपला विषय.”

साहेब हे अगदी सहज म्हणाले, चहात बिस्कीट बुडवता बुडवता. त्यांच्यासमोर माझा अर्ज पडला होता. येत्या टर्मभर मला पहिली शिफ्ट मिळावी, असा. त्यावर त्यांची सही व्हायची होती. त्यांनी अर्ज बोटाने जरा माझ्याकडे सरकवला आणि मग परत स्वतःकडे ओढला. मी काही कुक्कुलं बाळ नव्हते. मला समजायचं ते समजलं.

मी सबस्टेशन ऑपरेटर आहे. गावाचं नाव सांगत नाही, शिंदखेडा तालुक्यात आहे एवढं पुरे. कंपनीचं नाव सांगत नाही, आमच्या इंजिनिअर साहेबांचंही नाही. तेहतीस हजार व्होल्टची लाईन आमच्याकडे येते, तिथे ती अकरा हजारची होते आणि फीडरवरून गावोगाव जाते. फीडर म्हणजे सबस्टेशनमधून निघणारी मुख्य लाईन. ती चालू-बंद करायची, लोड बघायचा, रीडिंग लिहायचं आणि दिवसभर फोनवर “अक्का, लाईट कव्हय येई?” याला उत्तर द्यायचं, हे माझं काम.

शिफ्ट तीन. पहिली सकाळी आठ ते चार, दुसरी चार ते बारा, तिसरी रात्रीची. मला पहिली हवी असायची, कारण मी धुळ्याला संध्याकाळच्या लॉ कॉलेजात शिकत होते. चारला सुटले की काळी-पिवळी जीप पकडायची आणि उभ्या उभ्या पोळीभाजी खात धुळं गाठायचं. माझा जोडीदार ऑपरेटर दिलीप याला दुसरी शिफ्ट आवडायची, दिवसा त्याला शेत बघता यायचं. आम्ही दोघं म्युच्युअल करायचो, म्हणजे आपापसात शिफ्ट बदलून घ्यायचो. फक्त साहेबांची सही लागायची.

आता कायदाच का, तर त्याचं कारण फार थोर नाही. बाळंतपणाच्या रजेतले माझे काही दिवस ऑफिसने बिनपगारी धरले. मी भांडायला गेले तर तिथला क्लार्क म्हणाला, “मॅडम, आम्हाला कायदा शिकवू नका. आधी स्वतः शिकून या.” झालं. मला कोणी असं म्हटलं की ते करून दाखवल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. भडगावला माहेरी माझे आबा सगळ्यांना सांगायचे, हिला कशालाही नको म्हणू नका, नाहीतर ती ते करूनच ठेवील. मी ऑफिसची परवानगी काढली आणि ॲडमिशन घेतली. वर्गात एक तलाठी होता, दोन मास्तर होते, एक मेडिकलवाला होता. सगळे दिवसभराचे दमलेले. सर शिकवताना मागच्या बाकावर कोणी घोरलं तर आम्ही त्याला उठवत नसू.

पहिलं वर्ष मी पास झाले. दुसऱ्या वर्षाच्या तोंडावर सुदामचं झालं.

सुदाम आमचा झिरो वायरमन. हा शब्द कुठल्याही नियमात सापडायचा नाही, पण खान्देशातल्या कुठल्याही गावात विचारा. कंपनीचा कायम वायरमन एक, त्याच्याकडे गावं सहा-सात. तो किती पोलवर चढणार? मग तो आपला एक माणूस ठेवतो. तो माणूस पोलवर चढतो, फ्यूज बदलतो, तारा ओढतो. त्याला पगार नाही, ओळखपत्र नाही, विमा नाही. कागदावर तो शून्य, म्हणून झिरो. खळं झालं की गावकरी त्याला पायलीभर बाजरी देतात, लग्नाकार्यात मान देतात, आणि लाईट गेली की आईमाईवरून शिव्याही त्यालाच देतात.

सुदामचे वायरमन निंबा नाना. रिटायरमेंटला आलेले, गुडघे गेलेले. पोलवर ते कित्येक वर्षांत चढले नव्हते. सुदाम मला दिवसातून चारदा तरी फोन करायचा. “अक्का, मी सुदाम बोली ऱ्हायनू. डीओ गया शे.” डीओ म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या वरच्या बाजूचा फ्यूज. साहेबसुद्धा नानांना सोडून थेट सुदामलाच फोन करायचे, कारण तो लगेच जायचा.

त्या दिवशीही डीओच गेला होता. ट्रान्सफॉर्मरजवळ लाईन तोडायचा एक स्विच असतो, तो तिथे कित्येक दिवस मोडून पडला होता. म्हणून अख्खा फीडरच बंद करायला हवा होता. नानांनी माझ्याकडे परमिट घेतलं. परमिट म्हणजे मी फीडर बंद करून शब्द द्यायचा की तुम्ही सांगेपर्यंत चालू करणार नाही. नियम साधा आहे, ज्याने परमिट घेतलं त्यानेच ते परत करायचं. परमिट नानांच्या नावावर होतं, पोलवर सुदाम होता आणि नाना गावातल्या चहाच्या टपरीवर.

या दोघांची एक पद्धत होती. काम झालं, सुदाम खाली उतरला की तो नानांना मिस कॉल द्यायचा. फोन उचलायचा नाही. मिस कॉल आला म्हणजे उतरला. किती वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. त्या दिवशी सुदामने वरूनच फोन लावला, अजून वेळ लागेल हे सांगायला. एक रिंग गेली आणि रेंज गेली. नानांना वाटलं, नेहमीचा मिस कॉल. त्यांनी मला परमिट परत केलं आणि मी फीडर चार्ज केला, म्हणजे लाईन चालू केली.

फीडर लगेच ट्रिप झाला, आपोआप बंद पडला. मला वाटलं शेतकऱ्यांच्या मोटारी असतील. लाईट आल्याबरोबर मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून सगळे ऑटो स्विच लावून ठेवतात, आणि सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की फीडर बसतो. तेवढ्यात नानांचा फोन आला. ते बोलत नव्हते, नुसते ओरडत होते.

सुदाम वाचला. उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

आता कंपनीपुढे प्रश्न असा की, जो माणूस मुळात नाहीच त्याचा हात गेला कसा? त्यावर साहेबांनी जी गोष्ट तयार केली ती ऐकून मी थक्क झाले. नाना स्वतः चढले होते. काम करून उतरले आणि परमिट परत केलं. त्यानंतर कोणीतरी अनोळखी इसम आकडा टाकून चोरीची लाईट घ्यायला चढला आणि भाजला. नाना गुडघ्यांवर हात ठेवून मान हलवत होते. गावातली शेंबडी पोरंही या गोष्टीला हसली असती. पण माझ्या नोंदीत नानांचंच नाव होतं, तेव्हा कागदावर गोष्ट बरोबर बसत होती. फक्त मी सुदामला ओळखायला नको होतं.

“विचार करून सांगते,” असं मी साहेबांना म्हणाले. खोटं कशाला बोलू, मी खरंच विचार केला. दोन दिवस केला. खोटं तरी किती, एक शब्दाचं. त्यात माझा दोष काहीच नव्हता, मी नियमानेच वागले होते. आणि पहिली शिफ्ट गेली की कॉलेज गेलं. हजेरी भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म भरू देत नाहीत, मग ती टर्म परत करायची तर पुढचं वर्ष उजाडतं. घरी आमचे हे म्हणाले, “तू काय करशील ते मला माहीत आहे. उगाच मला विचारून मोठेपणा देऊ नको.”

तिसऱ्या दिवशी मी धुळ्याला हॉस्पिटलमध्ये गेले. सुदाम झोपला होता. त्याची बायको मंगला पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. मला बघून ती उठली आणि रडली नाही. तिने पलंगाकडे बोट दाखवून सरळ विचारलं, “ताई, साहेब म्हनतस, सुदाम नावना कोनी माणूसच नही. मंग हाऊ कोन शे?”

परत येताना माझं डोकं एवढं तापलं होतं की काळी-पिवळीवाल्याशी मी सुट्ट्या पैशांवरून विनाकारण भांडले.

विद्युत निरीक्षक म्हणजे अपघात झाला की चौकशी करणारे सरकारी अधिकारी. ते आले. साहेब शेजारच्या खुर्चीवर. माझी पाळी आली.

“सुदाम या व्यक्तीला ओळखता?”

“ओळखते. रोज बोलते. या भागातले डीओ गेली कित्येक वर्षं तोच बदलतो. साहेबही ओळखतात, त्यांच्या मोबाईलमध्ये त्याचा नंबर आहे. हवं तर आत्ता लावून बघा, फोन त्याची बायको उचलेल.”

निरीक्षकांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी पंख्याकडे पाहिलं. मी जबाबावर सही केली आणि माझ्या पॅनलपुढे जाऊन बसले. बरं वाटत होतं.

दुसऱ्याच आठवड्यात ड्युटी चार्ट लागला. माझी दुसरी शिफ्ट, पुढील आदेशापर्यंत. दिलीप बिचारा अर्ज घेऊन गेला, म्युच्युअल करतो म्हणाला. साहेब त्याला म्हणाले, “तुला बदली हवीय का?” दिलीपने मला येऊन सांगितलं आणि खाली मान घालून उभा राहिला. मी म्हटलं, तू कशाला मान खाली घालतोस, तुझं काय चुकलं. मी वर अर्ज केला. त्याला उत्तर आलं नाही. दुसरा केला, त्याचंही नाही. युनियनवाले म्हणाले, “ताई, थोडं जुळवून घ्या.” मी म्हटलं, जुळवून घ्यायचंच होतं तर वर्गणी कशाला भरते?

आठवड्याच्या सुटीला तेवढी मी कॉलेजात जायची. आम्हाला पुराव्याचा कायदा शिकवायला एक ज्येष्ठ वकील यायचे, सोनवणे सर. दिवसा कोर्ट, संध्याकाळी आमचा वर्ग. मी मंगलाला त्यांच्याकडे घेऊन गेले. त्यांनी सगळं ऐकलं, कामगार न्यायालयात नुकसानभरपाईचा दावा लावला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, “वंदनाताई, तुम्ही साक्षीदार आहात. आता माझ्याशी या केसबद्दल एक शब्द बोलायचा नाही. आणि हजेरीचंही सांगून ठेवतो, मी खोटी मांडणार नाही.”

“मागितलीय कुणी?” मी म्हणाले. जरा फणकाऱ्यानेच म्हणाले. सर हसले.

टर्म अर्ध्यावर आली तेव्हा साहेब स्वतः सबस्टेशनला आले. एरवी फोनवरून हुकूम सोडणारा माणूस. दारातच उभे राहून म्हणाले, “मॅडम, तुमचं नुकसान व्हावं असं मला वाटत नाही. अजून वेळ आहे, उद्यापासून पहिली शिफ्ट देतो. हजेरी भरून निघेल. कोर्टात फक्त एवढंच म्हणा की नीट आठवत नाही. खोटं बोला असं मी म्हणतच नाही.”

“मला आठवतं ना पण.”

“हट्ट करून काय मिळणार? तो तुमचा कोण लागतो?”

“तुमचा कोण लागतो ते आधी सांगा. फोन तर रात्री-अपरात्री तुम्हीच करायचे.”

साहेबांचा चेहरा पडला. “वर्ष जाईल तुमचं,” ते म्हणाले.

“जाऊ द्या.”

बोलायला सोपं होतं. ते गेल्यावर मी रडले. कोणी बघत नव्हतं म्हणून मनसोक्त रडले. वय पस्तिशीच्या पुढे, घरी लेक, लोकांचे टोमणे ऐकून शिकत होते, आणि एक माणूस केवळ सहीचं पेन हातात आहे म्हणून माझं वर्ष खिशात घालून निघाला होता. रागाने माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मग तोंड धुतलं आणि चारही फीडरचं रीडिंग घेतलं.

हजेरी भरली नाही. कॉलेजने परीक्षेला बसणाऱ्यांची यादी लावली, त्यात माझं नाव नव्हतं. मेडिकलवाल्याने फोन करून हळूच सांगितलं. मी म्हटलं, मला माहीत आहे, तू परीक्षा नीट दे.

साक्षीची तारीख त्यानंतर लागली. निंबा नानांनाही बोलावलं होतं, पण त्यांनी डॉक्टरचा दाखला पाठवला, बीपी वाढलंय म्हणून. पेन्शन अडेल या भीतीने आले नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुदाम मंगलाबरोबर मागे बसला होता, शर्टाची उजवी बाही पिनेने वर टाचलेली. कंपनीचे वकील म्हातारे, गोड बोलणारे. त्यांनी मला उलटतपासणीला घेतलं. उलटतपासणी म्हणजे समोरच्या बाजूच्या वकिलाने विचारलेले प्रश्न, तुम्ही कुठेतरी घसरावं म्हणून.

“तुम्ही वकिलीचं शिक्षण घेता?”

“घेत होते.”

“अर्जदाराचे वकील तुमचे शिक्षक आहेत. आणि विषय शिकवतात पुराव्याचा. म्हणजे ही साक्ष त्यांनी शिकवली असं म्हटलं तर?”

“त्यांनी पुरतं शिकवायच्या आतच माझं कॉलेज बंद पडलं. निरीक्षकांपुढे जबाब दिला आणि लगेच माझी शिफ्ट बदलली. म्हणून साक्ष बिनशिकलेलीच आहे.”

कोर्टात कोणीतरी हसलं. वकीलसाहेबांनी चष्मा पुसला आणि खरा प्रश्न काढला. सुदामला पगार कोण द्यायचं? कंपनी नाही ना? गावकरी बाजरी द्यायचे, बरोबर? मग तो गावाचा माणूस झाला, कंपनीचा कसा?

हा प्रश्न वाकडा होता. यावर काय बोलावं हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि पुस्तकातलं त्या क्षणी एक अक्षर आठवलं नाही. मला फक्त तो पोल दिसत होता.

“पोल कंपनीचा,” मी म्हणाले. “तार कंपनीची. गेलेला डीओ कंपनीचा. मोडका स्विच कंपनीचा. परमिट दिलं मी, मी कंपनीची. वर चढलेल्या माणसाचा फक्त हात तेवढा स्वतःचा होता, साहेब.”

वकीलसाहेब म्हणाले, “नो फर्दर क्वेश्चन.” म्हणजे पुढे विचारायचं नाही. मी खाली उतरले तेव्हा मंगलाने माझ्याकडे पाहिलं नाही, ती सुदामच्या टाचलेल्या बाहीची पिन नीट करत होती.

निकाल सुदामच्या बाजूने लागला. तो कंपनीचंच काम करत होता, असं न्यायालयाने म्हटलं. कंपनी अपिलात गेली, तिथेही हरली, मग भरपाई दिली. आकडा सांगत नाही, हाताची किंमत ऐकून कोणाचं भलं होत नाही. सुदामने गावात पिठाची गिरणी टाकली. साहेबांना मेमो मिळाला आणि नंतर प्रमोशनवर ते जळगावकडे गेले. दोन्ही ऑर्डरी मी वाचल्या. नानांना पेन्शन वेळेवर सुरू झाली. रस्त्यात भेटले की ते रामराम करतात, मीही करते. पण मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि करायची घाईही नाही.

नवे साहेब आले. त्यांनी दिलीपच्या आणि माझ्या म्युच्युअलवर न वाचताच सही केली, इतकी ती साधी गोष्ट होती. मी पुन्हा कॉलेजात जाऊन दुसऱ्या वर्षाला बसले. आसपास सगळी नवी पोरं. ती मला मॅडम म्हणायची आणि पहिल्या दिवशी तर मीच शिकवायला आलेय असं समजून उभी राहिली. बसा म्हटलं, मीही तुमच्यातलीच. वर्ष काढलं, त्यापुढचं काढलं, पास झाले. पेढे वाटले. त्या रजेवाल्या क्लार्कच्या टेबलावर मुद्दाम दोन ठेवले आणि सांगितलं, शिकून आले. बिनपगारी धरलेले माझे दिवस तोपर्यंत कुठल्या फायलीत गेले ते त्यालाही सांगता आलं नाही. तेही भांडण चालू आहे.

नोकरीत असताना वकिलीची सनद घेता येत नाही. नोकरी सोडणं मला परवडत नाही. म्हणून लोक विचारतात, वकील झाली नाहीस, मग एवढा जीव काढून त्या डिग्रीचा उपयोग काय?

उपयोग आहे. परवाचंच सांगते. फीडर परमिटवर बंद होता. कुठल्याशा पुढाऱ्याचा कार्यक्रम होता, लाईट लगेच हवी होती. इंजिनिअर साहेबांचा फोन आला.

“मॅडम, चार्ज करा. माणूस उतरलाय.”

“वर कोण चढलं होतं? त्याला फोन द्या.”

“अहो, मी सांगतोय ना. मी इंजिनिअर आहे.”

“आहात. पण तुम्ही खाली आहात.”

“मॅडम, मी लेखी नोटीस काढीन.”

“काढा. उत्तर लिहायला मला बाहेरून वकील आणावा लागत नाही.”

फोनमधून कुणाला तरी खाली उतरायला हाका मारल्याचं ऐकू आलं. मग धाप लागलेला एक आवाज आला. “अक्का, आते उतरनू मी.” मी त्याला नाव विचारलं. त्याने सांगितलं. मी ते लिहून घेतलं, परमिट रीतसर परत घेतलं आणि फीडर चार्ज केला.